सोलर बसवायला कोणीही येईल, दुरुस्तीला माणूस आपलाच हवा



16 जून जवळ येतेय. 16 जून ते 15 ऑगस्ट आपल्या मध्य प्रदेशात मासेमारी बंद असते, हे वस्तीतल्या लहान पोरांनाही पाठ आहे. मासळी अंडी घालते, तिला मोकळीक द्यायलाच पाहिजे, त्यामुळे बंदीबद्दल कोणाची तक्रार नाही. पण ते दोन महिने घराघरांत कसे जातात तेही सगळ्यांना ठाऊक आहे. जाळी सांधायची, होडीची डागडुजी करायची, कोणी केळीच्या बागेत रोजानं जातो, कोणी लूमवर पाळी धरतो, आणि उरलेल्या वेळात उधारीचा हिशोब.

या वर्षी त्या दोन महिन्यांत आणखी एक काम घ्या असं सांगायला हे लिहितोय. ते काम म्हणजे सोलरचं तंत्र शिकणं. लेख थोडा लांब आहे, पण सवडीनं वाचा. ज्यांना वाचायला जमत नाही त्यांना घरातल्या पोरांनी वाचून दाखवा.

वस्तू येते, विद्या येत नाही

सोलर आपल्याला नवीन नाही. कुठे पंचायतीनं खांब लावला, कुठे कोणा योजनेत कंदील वाटले, कोणी स्वतःच्या पैशानं पॅनल आणलं. पहिलं वर्ष सगळं झकास चालतं. दुसऱ्या वर्षी उजेड मंद होतो. तिसऱ्या वर्षी खांबावर फक्त पॅनल उरतं आणि लोक म्हणतात, "सोलरमध्ये काही दम नाही."

खरं पाहिलं तर पॅनल बहुतेक वेळा शाबूत असतं. चांगलं पॅनल वीस-पंचवीस वर्षं वीज देतं. बिघडते ती बॅटरी, जिचं आयुष्यच दोन-तीन वर्षांचं असतं. नाहीतर वायरचा जोड गंजतो, फ्यूज जातो किंवा चार्ज कंट्रोलरमध्ये पाणी शिरतं. यातली निम्मी कामं पाना, पेचकस आणि मल्टिमीटर घेऊन अर्ध्या तासात होतात. पण ती करणारा माणूस वस्तीत नसतो. इंदूरहून किंवा जळगावहून मेकॅनिक बोलवायचा म्हटलं तर त्याचं भाडंच कंदिलाच्या किमतीपेक्षा जास्त होतं. मग वस्तू कोपऱ्यात जाते आणि शेवटी भंगारवाला घेऊन जातो.

म्हणून आधी मशीन नको, आधी माणूस तयार करू. मशीन नंतर येईलच.

निमाडच्या मास्तरांचा धडा

हे मी मनचं सांगत नाही. आपल्याला लागून असलेल्या खरगोन जिल्ह्यातल्या एका खेड्यात जन्मलेले चेतन सिंग सोलंकी पुढे मुंबईच्या आयआयटीमध्ये प्राध्यापक झाले. त्यांच्या पुढाकारानं आयआयटीनं 2014 च्या सुमारास मोठं काम हाती घेतलं: मध्य प्रदेश, महाराष्ट्र, राजस्थान आणि ओडिशा या चार राज्यांतल्या शाळकरी मुलांना 10 लाख सोलर दिवे द्यायचे. दिव्याची किंमत मुलांसाठी 120 रुपये ठेवली होती.

दिवे वाटणारे पुष्कळ असतात. या कामात वेगळं काय होतं ते बघा. दिवे कारखान्यातून तयार होऊन आले नाहीत. सुटे भाग आले आणि गावातल्याच बाया आणि तरुण पोरांना शिकवून, त्यांच्याच हातून ते जोडून घेतले. वाटपही त्याच भागातल्या लोकांनी केलं आणि दुरुस्तीची केंद्रंही तिथेच उघडली. ज्या ताईनं स्वतः दिवा जोडला, तिला तो उघडायची भीती राहत नाही. आत कुठली वायर कुठे जाते हे तिच्या बोटांना माहीत असतं.

राजस्थानातल्या डुंगरपूरला तर याच कामातून आदिवासी बायांनी पुढची पायरी चढली. दिवे जोडता जोडता त्यांच्या बचत गटांच्या मालकीची कंपनी उभी राहिली आणि तिनं सोलर पॅनल बनवण्याचा छोटा कारखाना सुरू केला. कंपनीला लोक थोडक्यात 'दुर्गा' म्हणतात. काल रोजंदारीवर जाणाऱ्या बाया आज पॅनल बनवून विकतात. बाहेरची मदत होती, आयआयटीचे मास्तर होते, सरकारही होतं. पण हात त्यांचे होते आणि मालकीही त्यांचीच.

शिकायला कोणाला पाठवायचं?

इथे अजमेर जिल्ह्यातल्या तिलोनिया गावाची गोष्ट उपयोगी पडते. बंकर रॉय यांनी 1972 मध्ये तिथे बेअरफूट कॉलेज सुरू केलं. तिथे शाळेची पायरी न चढलेल्या बायांना सहा महिन्यांत सोलर मेकॅनिक बनवतात. पुस्तकापेक्षा रंगावर आणि हातानं करून बघण्यावर शिकवणी चालते. लाल वायर कुठे, काळी कुठे, कोणत्या रंगाच्या पट्ट्यांचा कोणता भाग, हे पुन्हा पुन्हा करून पाठ होतं. आफ्रिकेतल्या कितीतरी देशांतल्या बाया तिथे येऊन शिकून गेल्या. त्यांना हिंदी येत नव्हती आणि शिकवणाऱ्यांना त्यांची भाषा येत नव्हती, तरी काम अडलं नाही.

तिलोनियावाले तरुण पोरांपेक्षा वयानं मोठ्या बाया, आजी झालेल्या बाया पसंत करतात. कारण साधं आहे. पोराच्या हाती सर्टिफिकेट पडलं की पोरगं शहराकडे निघतं. आजी गावातच राहते.

मंडळी, हे आपल्यालाही लागू आहे. पोरानं शिकून सुरतेला किंवा पुण्याला चांगली नोकरी धरली तर आनंदच आहे, त्याला कोणी अडवणार नाही. पण वस्तीचं काम चालायचं असेल तर एका घरातून पोरगा आणि दुसऱ्या घरातून वहिनी, अशी जोडी पाठवलेली बरी. बायकांचा एक फायदा आणखी आहे. कंदील, सुकवणी, मासळी विकणं ही कामं बहुतेक घरांत त्याच सांभाळतात. ज्याचं काम, त्याच्याच हाती तंत्र.

तिलोनियाची दुसरी गोष्ट पैशाची. तिथल्या पद्धतीत प्रत्येक घर दर महिन्याला ठरलेली रक्कम भरतं, साधारण तेवढी जेवढी आधी घासलेट आणि सेलवर जात होती. त्यातूनच मेकॅनिक बाईला मानधन मिळतं. फुकट दुरुस्ती कोणी फार दिवस करत नाही. हे आपणही आधीच ठरवून घ्यायला हवं.

आपल्या धंद्यात सोलर कुठे बसतं, कुठे नाही

आता प्रत्यक्ष कामाचं बोलू. सोलरवाला दुकानदार म्हणेल सगळं होतं. तसं नसतं. एकेक घेऊ.

होडीवरची बत्ती. इथे सोलर शंभर टक्के बसतं. हिशोब बघा. 5 वॉटची एलईडी रात्री 8 तास लावली तर 40 वॉट-तास वीज लागते. 12 वोल्ट 7 एएचची साधी बॅटरी म्हणजे 84 वॉट-तास. पण लेड-अॅसिड बॅटरी निम्म्यापेक्षा जास्त रिकामी करायची नसते, नाहीतर ती लवकर मरते. म्हणजे कामाचे 42, आपल्याला हवेत 40. बरोबर बसलं. ती रोज भरायला 20 वॉटचं पॅनल पुरतं, कारण चांगल्या उन्हात ते दिवसाला गळती वजा जाऊन 50-60 वॉट-तास देतं. हा हिशोब ज्याला येतो त्याला दुकानदार 50 वॉटचं पॅनल गळ्यात मारू शकत नाही, आणि 5 वॉटचं पॅनल देऊन फसवूही शकत नाही.

मासळी सुकवणं. इथे तर वीजही लागत नाही, नुसतं ऊन पुरतं. आपण छोटी मासळी वाळूवर किंवा गोणपाटावर पसरतो. त्यात धूळ, माशा, कुत्री, आणि अचानक पाऊस आला की सगळा माल गेला. 1970 च्या दशकात बांगलादेशात पॉलिथिनच्या तंबूची पद्धत तयार झाली. बांबूचा सांगाडा, उन्हाच्या बाजूला पारदर्शक पॉलिथिन, मागच्या बाजूला आणि खाली काळं पॉलिथिन, खालून हवा आत यायला आणि वरून बाहेर पडायला वाट. आत उष्णता वाढते आणि माशी शिरत नाही. एक काळजी घ्यायची: उष्णता 45 ते 55 अंशांच्या आसपास ठेवायची. त्याच्या वर गेली तर मासळी सुकायच्या ऐवजी शिजते, वरून कडक होते आणि आत ओल राहते. मग महिनाभरात बुरशी. म्हणून तंबूत एक थर्मामीटर टांगायचा आणि ऊन फार झालं की वरची वाट मोठी करायची. कोचीची केंद्रीय मत्स्य प्रौद्योगिकी संस्था सोलर आणि वीज दोन्हीवर चालणारे सुकवणी यंत्रही बनवते, पण आपण सुरुवात बांबूच्या तंबूनं केली तरी चालेल.

बर्फ. इथे सांभाळून. मे महिन्यात बुऱ्हाणपूरचं ऊन काय असतं ते सांगायला नको. माल राजघाटावरून बाजारात जाईपर्यंत नरम पडतो आणि व्यापारी भाव पाडतो. त्यामुळे "सोलरवर बर्फ" म्हटलं की सगळ्यांचे कान टवकारतात. पण बर्फाला वीज फार लागते. मोठ्या कारखान्यात एक टन बर्फाला साधारण 60 ते 80 युनिट लागतात, छोट्या यंत्रात त्याहून जास्त. एक किलोवॉट पॅनल दिवसाला 4 युनिटच्या आसपास देतं. म्हणजे 2 किलोवॉट लावलं तर 8 युनिट, आणि छोट्या यंत्रात त्यातून फार तर 80 किलो बर्फ, तोही ऊन कडक असेल तेव्हा. यंत्राची किंमत त्यात धरलेलीच नाही. म्हणून पहिला पैसा जाड भिंतीच्या इन्सुलेटेड पेटीवर घाला. उन्हाळ्यात मासळी आणि बर्फ बरोबरीनं भरा, खाली बर्फ, मध्ये मासळी, वर परत बर्फ, आणि वितळलेलं पाणी काढायला तळाला भोक. अशी पेटी नीट वापरली तर आज आणतो तोच बर्फ जास्त तास पुरतो. संस्थेचा एकच मोठा डीप फ्रीझर सोलरवर चालवायचा का, हा पुढचा प्रश्न.

गाव तलाव. ज्यांच्या समितीकडे पंचायतीचे तलाव पट्ट्यावर आहेत त्यांना एरेटर विकायला लोक येतील. "सोलर एरेटर, बिल शून्य." पण पाण्यातली हवा सगळ्यात कमी होते पहाटे, सूर्य उगवायच्या आधी. तेव्हाच मासळी तोंड वर काढते आणि मरते. आणि पॅनल तर तेव्हा झोपलेलं असतं. म्हणजे बॅटरीशिवायचा सोलर एरेटर नेमक्या गरजेच्या वेळी बंद. त्याच्या जोडीला बॅटरी किंवा दुसरी सोय आहे का, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

सोलर होडी. केरळात 2017 पासून 'आदित्य' नावाची 75 माणसांची सोलर फेरी वैक्कम ते तवणकडव चालते. कोचीच्या त्याच संस्थेनं तळ्या-धरणांत मासेमारीसाठी छोटी सोलर होडीही बनवली आहे. एकदा पूर्ण चार्ज झाली की अडीच-तीन तास चालते. स्थिर पाण्यात ही गोष्ट चांगली. पण तापीच्या ओढीत आणि आपल्या अरुंद होड्यांवर एवढी पॅनलं बसवायला जागाच नाही. इंजिनवाल्या भावांनी आत्ता डिझेल सोडायची घाई करू नये, नजर मात्र ठेवावी.

हे शिकणं आपल्यासाठी का गरजेचं आहे

शेजारच्या खंडवा जिल्ह्यात ओंकारेश्वर धरण आहे. नर्मदेच्या त्या पाण्यावर तरंगता सोलर प्रकल्प उभा राहिला आहे. पूर्ण योजना 600 मेगावॉटची, त्यातला पहिला टप्पा 278 मेगावॉटचा, आणि 2024 मध्ये तिथून वीज सुरू झाली. देशासाठी अभिमानाची गोष्ट आहे. पण जिथे पॅनल तरंगतं तिथे जाळं टाकता येत नाही, आणि तिथल्या मच्छीमार कुटुंबांनी रोजीचा प्रश्न उचलला तो त्यामुळेच.

उद्या आपल्याकडे अशी काही गोष्ट येईल की नाही, हे मला सांगता येणार नाही. पण आली तर कागद वाचून प्रश्न कोण विचारणार? किती पाणी झाकलं जाणार, होडीला वाट किती, नांगरांच्या दोऱ्या कुठे, आणि पाण्यावरच्या देखभालीच्या कामात स्थानिक माणूस किती घेणार. पाण्यावर तोल सांभाळून काम करणं आपल्या हाडात आहे. ते काम बाहेरच्याला शिकायला सहा महिने लागतील, आपल्या पोराला एक दिवससुद्धा नाही. पण त्याच्या हाती सोलरचं सर्टिफिकेट नसेल तर तो फक्त होडी वल्हवणार आणि पगार दुसरा घेणार. शिकलेला असेल तर दोन्ही त्याच्याकडे.

शिकायचं कुठे?

मोठ्या शिक्षणात 'सूर्यमित्र' आहे. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेमार्फत 2015 मध्ये सुरू झालेला हा साधारण तीन महिन्यांचा कोर्स आहे. फी नाही आणि राहणं-जेवणाची सोय असते. त्यासाठी दहावी आणि आयटीआयचा इलेक्ट्रिशियन, वायरमन असा ट्रेड लागतो. आपल्या वस्तीत आयटीआय झालेली पण घरी बसलेली पोरं आहेत. त्यांच्यासाठी हा रस्ता सरळ आहे. सोलर पंपासाठी 'वरुणमित्र' नावाचं वेगळं प्रशिक्षणही आहे. चालू बॅच कुठे आहे ते आयटीआयमध्ये किंवा मध्य प्रदेश ऊर्जा विकास निगमाकडे विचारायचं.

आयटीआय नसलेल्यांसाठी ग्रामीण स्वरोजगार प्रशिक्षण संस्था, म्हणजे आरसेटी. या संस्था बँका चालवतात. ही कल्पना 1982 मध्ये कर्नाटकातल्या उजिरे गावातून सुरू झाली. प्रशिक्षण फुकट असतं आणि शिकून झाल्यावर बँकेकडून कर्ज मिळवायलाही ते मदत करतात. मात्र एका बॅचला पंचवीस-तीस माणसं लागतात. एकेकटे गेलो तर "बॅच भरली की कळवू" एवढंच ऐकायला मिळतं. संस्थेच्या लेटरहेडवर पंचवीस नावं एकदम नेली तर आपल्या सोयीची तारीख मागता येते. बंदीच्या दिवसांत बॅच मागायची ती याचसाठी.

मासळी सुकवणं आणि पॅकिंगसाठी कृषी विज्ञान केंद्र आणि मत्स्य विभाग दोघांकडेही अर्ज देता येतो. नाव द्यायला लाजू नका, लिहायला येत नसेल तर कार्यालयात या, अर्ज भरून देतो.

आणि शिकून आल्यावर एक नियम करू: एकानं शिकायचं, दोघांना शिकवायचं. दर महिन्याला एक बिघडलेला कंदील सगळ्यांसमोर उघडायचा. काय बिघडलं होतं, काय केलं, किती खर्च आला, हे वहीत मराठीत लिहून ठेवायचं. दोन वर्षांत ती वही कुठल्याही पुस्तकापेक्षा कामाची होईल, कारण ती आपल्याच वस्तूंची असेल.

आजपासून करता येईल एवढं

मल्टिमीटर पाच-सातशे रुपयांत मिळतो. तेवढ्यावर ही तपासणी होते:

1. पॅनल कडक उन्हात ठेवा, वायर सोडवा आणि दोन टोकांवर वोल्ट मोजा. 12 वोल्टच्या पॅनलवर 20-21 वोल्ट दिसले तर बहुतेक पॅनल ठीक.
2. बॅटरी दोन-तीन तास तशीच ठेवून मोजा. 12.6 च्या वर म्हणजे भरलेली. 12 च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. दिवसभर चार्ज करूनही वर चढत नसेल तर बॅटरी गेली.
3. दोन्ही ठीक आणि तरी बत्ती लागत नाही? मग फ्यूज, जोड आणि स्विच बघा. हिरवट गंज दिसला तर घासून काढा आणि घट्ट बांधा.
4. पाण्याच्या बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. तापीचं किंवा हापशाचं पाणी घातलं की बॅटरी मेलीच समजा.
5. पॅनल सकाळी थंड असताना पुसा. तोंड दक्षिणेकडे आणि कल साधारण 21 अंश, म्हणजे आपल्या बुऱ्हाणपूरच्या अक्षांशाएवढा.

एक सावधगिरी मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवा. हे सगळं 12 वोल्टच्या छोट्या वस्तूंसाठी आहे. घराच्या छपरावर दोन-तीन किलोवॉटची पॅनलं असतात, त्या वायरमध्ये शेकडो वोल्ट असू शकतात आणि ऊन असेपर्यंत ते बंद होत नाहीत. त्याला शिकलेल्या माणसाशिवाय हात लावायचा नाही. पोरांना तर मुळीच नाही.

पोट भरेल का?

हा प्रश्न बरोबर आहे. हिशोब सरळ मांडतो. समजा वस्तीत 50 घरं होडीची बत्ती वापरतात आणि महिन्याला 50 रुपये भरतात. त्यातले 30 रुपये बॅटरीच्या गुल्लकात. 30 महिन्यांत प्रत्येक घराचे 900 रुपये साठतात, म्हणजे नवीन छोटी बॅटरी. उरलेले 20 रुपये मेकॅनिकचे. 50 घरांचे महिन्याला 1000. यावर घर चालत नाही हे उघड आहे.

म्हणून फक्त वस्तीवर अवलंबून राहायचं नाही. आपल्या चहूबाजूंना केळी आहे, आणि केळीला पाणी लागतं. शेतांत सोलर पंप आले आहेत, पुढेही येतील. त्यांचं पॅनल धुणं, जोड तपासणं, हंगामाआधी एकदा पाहणी, हे काम शिकलेल्या माणसाला मिळतं. 2024 च्या पीएम सूर्यघर योजनेत घराच्या छपरावर सोलर लावायला 1 किलोवॉटला 30,000, 2 ला 60,000 आणि 3 किंवा जास्तला 78,000 रुपये अनुदान आहे. त्यामुळे शहरात छपरं भरत चालली आहेत. तिथेही बसवणाऱ्यांना आणि साफ करणाऱ्यांना हात लागतात. वस्तीचे 1000, चार शेतांचे, दोन-चार छपरांचे, असे धरले तर बंदीच्या दिवसांतही घरात काही तरी येत राहील. मासेमारी सोडा असं मी म्हणत नाही. जाळ्याबरोबर एक दुसरी दोरी हातात असावी.

सुकवणीवाल्या ताईंसाठी महाराष्ट्रातलं एक उदाहरण. छत्रपती संभाजीनगरच्या भागात एस फोर एस नावाची कंपनी खेड्यातल्या बायांना सोलर ड्रायर देते, कांदा-भाजी सुकवून घेते आणि तो माल स्वतःच विकत घेते. 2023 मध्ये तिला अर्थशॉट हा मोठा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यातून घ्यायचं ते हे की गिऱ्हाईक आधी ठरलेलं होतं. आपणही तंबू बांधायच्या आधी रावेर, भुसावळ आणि खंडव्याच्या सुकट विकणाऱ्यांशी भाव बोलून घ्यायला हवा.

भांडवलासाठी 2020 मध्ये सुरू झालेली प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना आहे. तिच्यात इन्सुलेटेड पेटीची मोटरसायकल, बर्फ आणि शीतगृह अशा कामांना साधारण गटाला 40 टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्के मदत ठेवली आहे. छोट्या खाद्य उद्योगांच्या योजनेत 35 टक्के आणि जास्तीत जास्त 10 लाख. योजनांच्या मुदती आणि अटी बदलत राहतात, म्हणून अर्जाआधी मत्स्य विभागात आणि बँकेत आज काय चालू आहे ते विचारायचं. आणि अनुदान हातात येईल या भरवशावर सावकाराचं कर्ज काढायचं नाही.

फसवणारेही फिरतात

सोलरच्या नावानं खोट्या वेबसाइट आणि फोन येतात. "नाव नोंदवा, 5,000 भरा, पंप मंजूर." सूर्यमित्र आणि आरसेटीला फी नाही. कोणी फी मागितली तर ते प्रशिक्षण नव्हे. ओटीपी कोणालाही सांगू नका. कागदावर अंगठा लावायच्या आधी कार्यालयात आणून दाखवा.

आता काय करायचं?

येत्या मासिक बैठकीत हा विषय घेणार आहोत. तोपर्यंत प्रत्येक घरानं तीन गोष्टी कराव्यात.

पहिली, घरातून कोण शिकणार ते ठरवा. पोरगा, सून, वहिनी, कोणीही. आधार, बँक पासबुक, दोन फोटो आणि असेल तर मार्कशीट किंवा आयटीआयचं सर्टिफिकेट, याच्या झेरॉक्स कार्यालयात द्या.

दुसरी, घरात बंद पडलेला कंदील, पॅनल, बॅटरी जे काही असेल ते भंगारात घालू नका. बैठकीला घेऊन या. तेच आपलं शिकायचं सामान.

तिसरी, वस्तीत आधीच हे काम येणारे दोन-चार जण आहेतच, कोणी वायरिंग करतो, कोणी मोबाइल दुरुस्त करतो. त्यांना हा लेख दाखवा आणि बैठकीला ओढून आणा. सगळं बाहेरूनच शिकावं लागतं असं नाही.

नावं 25 झाली की मी स्वतः अर्ज घेऊन जाईन. 15 ऑगस्टनंतर जाळी परत पाण्यात पडतील तेव्हा निदान दहा होड्यांवर आपल्याच हातानं जोडलेली बत्ती पाहिजे.

आपला,
सचिव